पाय धुण्याची आज्ञा : पवित्र गुरुवारच्या पुढे काय?

गिरिजकर (धागाकर्ता)

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) दरवर्षीचा विषय निघतो : पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, फादरकडून पाय धुऊन घ्यायला पुढच्या बारा खुर्च्यांवर कोण बसणार? माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात येशू भोजनावरून उठतो, अंगावरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. मग सांगतो, मी तुमचा गुरू असून हे केलं, तर तुम्हीही एकमेकांचे पाय धुतले पाहिजेत. ही सरळ आज्ञा आहे. ती एका संध्याकाळच्या दहा मिनिटांत पूर्ण होते असं मला वाटत नाही.

विचार असा आहे : महिन्यातून एक रविवार, मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर), 'पाऊल सेवा'. एकटे राहणारे म्हातारे, मधुमेही, टाचांना भेगा पडलेले शेतमजूर, कुष्ठरोगातून बरे झालेले पण पायाची संवेदना गेलेले, कोणत्याही धर्माचे. पाय धुणं, तपासणं, तेल लावणं, गरज असेल तर दवाखान्यात नेणं.

जाणकारांनी सांगावं : गुरुवारचा विधी नीट कसा करावा, सेवेसाठी साहित्य काय आणि किती, आणि मुख्य म्हणजे काय करू नये. अनुभवकथनं नकोत, पद्धत हवी आहे.

---

तांब्यापितळ

विधीपासून सुरुवात करतो.

प्रवचन संपल्यावर पाय धुणं होतं. फादर वरचा झगा उतरवतात, आतल्या पांढऱ्या पायघोळ आल्बवर अॅप्रन किंवा पंचा बांधतात. एक मदतनीस तांब्या धरतो, दुसरा परात, तिसरा कोरडे टॉवेल देतो आणि ओले घेतो. हा तिसरा माणूस बहुतेक ठिकाणी नेमायचा राहतो आणि ओल्या टॉवेलांचा ढीग वेदीजवळ साचतो.

पाणी कोमट. एका पावलाला अर्धा लिटर पुरतं, म्हणजे माणशी एकच पाऊल धरून बारा जणांना सहा-सात लिटर. दहा लिटर भरून ठेवा. परात खोल हवी. उथळ ताटातून पाणी फरशीवर सांडतं आणि पुढच्या माणसाचा पाय घसरतो. खुर्च्यांखाली गोणपाट अंथरा. सतरंजी नको, ती पाणी शोषून जड होते आणि गोळा होते. टॉवेल माणशी एक, वर तीन जास्तीचे.

बारा हा आकडा मिस्साग्रंथात नाही, तो रूढीने आला. व्हॅटिकनच्या ६ जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर फक्त पुरुषच बसवायचे हा नियमही राहिलेला नाही. तरुण, वृद्ध, आजारी, स्त्रिया, पुरुष, धर्मभगिनी असा मेळ घालावा अशी अपेक्षा आहे. आणि निवडलेल्यांना आधी अर्थ समजावून सांगावा, असंही त्यात आहे. हे शेवटचं कुणी करत नाही.

---

नगरी_ज्वारी

बारा खुर्च्यांवर ट्रस्टी, देणगीदार आणि संघाचे अध्यक्ष बसले की विधीचा अर्थ उलटा होतो. लूकच्या २२ व्या अध्यायात त्याच जेवणाच्या वेळी 'आपल्यात मोठा कोण' यावरून शिष्यांत वाद झालेला आहे. आपण तोच वाद निवडीच्या बैठकीत घालतो.

---

वारकरी_वाट

मी ख्रिस्ती नाही, पण धागा वाचून लिहावंसं वाटलं. आपल्याकडे पाय धुण्याची दिशा ठरलेली असते. शिष्य गुरूचे धुतो, सासरा जावयाचे धुतो, घरधनी पाहुण्याच्या पायावर पाणी घालतो. वारीत मात्र गावोगावचे लोक अनोळखी वारकऱ्यांचे पाय चेपतात, तेल लावतात, फोड आलेल्यांना मलमपट्टी करतात, आणि तिथे कोण कोणापेक्षा मोठा हे पाहिलं जात नाही. गुरूनेच शिष्याचे पाय धुवायचे हे तुमच्या कथेतलं उलटणं फार मोठं आहे. त्या शिष्यांत त्याला धरून देणारा यहूदाही होता ना?

---

पाळक_कन्या

@वारकरी_वाट, होय. यहूदा उठून जातो ते पाय धुऊन झाल्यावर, म्हणजे त्याचेही धुतले गेले. म्हणूनच सेवा घेणाऱ्याची लायकी तपासत बसणं या आज्ञेत बसत नाही.

प्रोटेस्टंट बाजूने भर घालते. आमच्या बहुतेक मंडळ्यांत पाय धुण्याचा विधी नियमाने होत नाही, पण सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या आधी दर वेळी होतो, साधारण तीन महिन्यांतून एकदा. पुरुष पुरुषांचे, स्त्रिया स्त्रियांचे, वेगळ्या खोल्यांत, जोडी-जोडीने. धुणारा नंतर स्वतः बसतो आणि दुसरा त्याचे धुतो. ही अदलाबदल मला मोलाची वाटते. 'माझे पाय धुवायचे नाहीत' म्हणणाऱ्या पेत्र या शिष्याची अडचण धुण्याची नव्हती, धुऊन घेण्याची होती.

खेड्यात अनोळखी बाईच्या पायाला पुरुषाने हात लावणं अवघड जातं. पाऊल सेवेत स्त्रियांसाठी स्त्री स्वयंसेवक ठेवा, मध्ये पडदा बांधा. त्यावर वाद घालू नका.

---

परिचारिका_मिरज

हेतू उत्तम आहे, पण धागाकर्त्यांनी मधुमेही आणि कुष्ठरोगातून बरे झालेले एकाच ओळीत घेतले आहेत, आणि इथेच मोठी गफलत होऊ शकते. दोघांचेही पाय बधिर असतात, पण पाण्याचा नियम वेगळा आहे.

कुष्ठरोगात मज्जातंतूंबरोबर घामाचं कामही बंद पडतं. पायाची कातडी कोरडी, जाड होते आणि तडकते. म्हणून तिथे पाय रोज साध्या पाण्यात वीसेक मिनिटं भिजवायचे, मऊ झालेला घट्टा खरबरीत दगडाने हलक्या हाताने घासायचा, आणि कातडी ओलसर असतानाच तेल लावायचं म्हणजे पाणी आत टिकतं.

मधुमेहात पाय भिजत ठेवायचे नाहीत. भिजल्याने कातडी फुगते, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, चिरतात, आणि तिथून जंतू शिरतात. पटकन धुवा, लगेच पुसा, बेचक्या टिपून कोरड्या करा. तेल किंवा व्हॅसलीन तळव्याला आणि टाचेला लावा, बोटांच्या मध्ये कधीच नाही.

त्यामुळे बसल्या बसल्या पहिला प्रश्न : साखर आहे का? उत्तर 'माहीत नाही' असेल तर भिजवू नका.

पाणी दोघांनाही गरम चालत नाही. ३७ अंशांच्या आत. स्वयंसेवकाने स्वतःचं कोपर बुडवून पाहायचं. ज्याचा पाय बधिर आहे त्याला 'गरम लागतंय का' विचारून काही उपयोग नाही. तो 'नाही' म्हणेल आणि पाय भाजेल.

---

रानमोगरा

हे सोन्यासारखं सांगितलंत ताई. कोकणात भेगांत कोकमाचं तेल, म्हणजे मुठेल, वितळवून गरम-गरम भरतात. बधिर पायाला हे करू नये ना?

---

परिचारिका_मिरज

@रानमोगरा, अजिबात नाही. वितळलेलं मुठेल भेगेत आत जाऊन बसतं, माणसाला चटका कळत नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. थंड झालेलं, मऊ मुठेल हातावर चोळून लावलं तर हरकत नाही.

आणखी एक : घरोघरी असते ती धातूची दातेरी वज्री बधिर पायाला वापरू नका. ब्लेड नको, कुरूप काढायच्या औषधी पट्ट्या नकोत. त्यांतलं आम्ल कुरपाबरोबर चांगली कातडीही जाळतं.

---

साधा_प्रश्न

बधिर आहे की नाही हे आपण साध्या माणसांनी कसं ओळखायचं? बरेच जण 'मला सगळं कळतं' म्हणतात.

---

कोठारा_रोड

दवाखान्यात १० ग्रॅमचा नायलॉनचा तंतू वापरतात. तो काटकोनात टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, डोळे मिटलेल्या माणसाने 'लागलं' म्हणायचं. अंगठ्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीच्या मुळाशी तपासायचं. घट्ट्यावर टेकवू नये, तिथे कुणालाच नीट कळत नाही. मध्येच एकदा न टेकवता विचारायचं, म्हणजे अंदाजाने उत्तर देणारे सापडतात.

तंतू नसेल तर बोटाने चालतं. डोळे मिटायला सांगा, दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला तर्जनी एक-दोन सेकंद हलकेच टेकवा. दाबू नका, गुदगुली करू नका, चुकलं तर त्याच बोटाला पुन्हा हात लावू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय धोक्यात आहे असं धरून डॉक्टरांकडे पाठवा. तासाभरात स्वयंसेवक हे शिकतात.

---

जिज्ञासू_वसई

कुष्ठरोग म्हटल्यावर स्वयंसेवक मागे सरतील अशी भीती आहे.

---

कोठारा_रोड

@जिज्ञासू_वसई, त्यांना तीन गोष्टी सांगा.

एक, बहुविध औषधोपचाराचा पहिला डोस पोटात गेला की संसर्ग पसरवण्याची शक्ती झपाट्याने संपते, आणि ज्यांचे पाय आपण धुणार ते बहुतेक वर्षानुवर्षांपूर्वी बरे झालेले आहेत. त्यांच्या पायावर दिसतो तो रोग नसतो, रोगाने मागे ठेवलेला बधिरपणा असतो.

दोन, बोटं 'रोगाने झडतात' हा समज खोटा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिलं. दुखणं कळत नाही म्हणून माणूस खिळ्यावर चालत राहतो, तापलेलं भांडं धरतो, जखमेवर दिवसभर उभा राहतो, आणि बोटं त्यात जातात. काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे रात्रीत नाहीसे होत. पाळत ठेवल्यावर कळलं की झोपेत उंदीर कुरतडत होते. उपाय म्हणून घरी जाणाऱ्याला सोबत मांजर दिलं जाई. मला यात ख्रिस्ती सेवेचा नमुना दिसतो. दया सगळ्यांनाच येते. बोटं नेमकी कुठे जातात हे रात्री जागून पाहणं वेगळं.

तीन, कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या व्यक्तिगत कायद्यांत २०१९ पर्यंत लिहिलेलं होतं. कायद्यातून गेलं, मनातून जायला वेळ लागतोय. आपण हात लावला तर तो वेळ थोडा कमी होईल.

---

सुवार्तिक

थोडा वेगळा सूर लावतो. सगळं ठीक आहे, पण मंडळीचं पहिलं काम वचन सांगणं आहे. नुसते पाय धुऊन, तेल लावून सोडलं तर आपल्यात आणि कोणत्याही सामाजिक संस्थेत फरक काय? निदान एक पत्रिका हातात द्यावी, प्रार्थना करावी.

---

पाळक_कन्या

@सुवार्तिक दादा, आदराने असहमत. ज्याचा पाय तुमच्या हातात आहे तो उठून जाऊ शकत नाही. त्या अवस्थेत दिलेली पत्रिका तो नाकारू शकत नाही, आणि नाकारता येत नसेल तर तो घेतो त्याला काय किंमत? मत्तयच्या २५ व्या अध्यायात राजा उजवीकडच्यांना बोलतो ते भुकेल्याचं, तहानेल्याचं, परक्याचं, उघड्याचं, आजाऱ्याचं, कैद्याचं. आणि त्या लोकांना आपण प्रभूची सेवा केली हे ठाऊकही नव्हतं.

कुणी स्वतःहून म्हणालं, 'माझ्यासाठी प्रार्थना करा', तर काम थांबवून, शेजारी बसून अवश्य करा.

---

सुवार्तिक

'उठून जाऊ शकत नाही' हा मुद्दा मान्य. पत्रिकेचा आग्रह सोडतो. पण स्वयंसेवकांनी आधी एकत्र प्रार्थना करावी, वचन वाचावं, यावर मी ठाम आहे. नाहीतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उत्साह संपतो आणि मग पाय घाण वाटायला लागतात.

---

गिरिजकर (धागाकर्ता)

दोघांचंही घेतो. आधी स्वयंसेवकांची प्रार्थना, सेवेच्या वेळी फक्त सेवा.

साहित्याचं कुणी सांगेल का? सुरुवातीला वीस माणसं धरू.

---

परिचारिका_मिरज

वीस माणसं, सहा स्वयंसेवक, अडीच ते तीन तास असं धरून :

प्लास्टिकचे टब सहा. तांब्या-पितळेची परात गुरुवारी शोभते, पण इथे नको, जंतुनाशकाने धातू खराब होतो. धुण्यापुरतं पाणी माणशी तीन-चार लिटर, भिजवायचं असेल तर घोट्यापर्यंत पाच-सहा. टब धुण्यासह दोनशे लिटरचा पिंप भरलेला असू द्या.

सुती पंचे माणशी दोन, म्हणजे चाळीस. एक पायांसाठी, एक मांडीवर घालायला. जुन्या धोतराचे फाडलेले तुकडे नव्या टॉवेलपेक्षा चांगले, ते मऊ असतात आणि बेचक्यांत शिरतात. पांढरेच घ्या, रक्त किंवा पू लागला तर लगेच दिसतो. एकाचा पंचा दुसऱ्याला नाही.

साधा अंगाचा साबण. खोबरेल पाव लिटर पुरेल, बाटलीतून हातावर घ्या, वाटीत बोटं बुडवू नका. तळवा पाहायला हातभर आरसा, एक चांगली बॅटरी, निर्जंतुक गॉज, कागदी चिकटपट्टी, हातमोज्यांचा एक खोका, वही.

टब दर माणसानंतर साबणाने घासायचा, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भरून दहा मिनिटं ठेवायचा आणि खळबळून घ्यायचा. प्रमाण लिटरला १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे. पावडरचं पुडकं उघडं राहिलं की जोर जातो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पाणी त्याच दिवशी बनवा. सहा टब यासाठीच. तीन वापरात, तीन भिजत.

---

साधा_प्रश्न

हातमोजे सगळ्यांना घालायचे का?

---

परिचारिका_मिरज

जखम, रक्त, पू, किंवा स्वयंसेवकाच्या हाताला चीर असेल तर घालायचे, समोर कुणीही असो. कातडी धड असेल तर उघड्या, धुतलेल्या हाताने. मधुमेही सरपंचाला उघडा हात आणि कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या आजीला मोजे असा भेद झाला तर सगळी सेवा वाया गेली. त्या आजीला तो भेद लगेच कळतो.

दर माणसाआधी आणि नंतर हात साबणाने धुवायचे. अंगठी, घड्याळ काढून ठेवा, नखं बारीक ठेवा.

---

कोठारा_रोड

पाहायचं काय, तेही लिहून ठेवा. तळवा, टाच, बेचक्या, नखांच्या कडा. घट्ट्याखाली काळसर डाग दिसला तर आत जखम आहे असं समजा. दोन्ही पाय हाताच्या पाठीने चाचपा. एक दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर आत काहीतरी चाललंय, वरून कातडी धड दिसली तरी. लाली, सूज, वास, काळं पडलेलं बोट, ताप यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. 'सोमवारी दाखवा' म्हणायचं नाही. कुणी गाडी काढायची हे सेवा सुरू होण्याआधी ठरलेलं असू द्या.

भात लावणीच्या दिवसांत चिखल्या भरपूर दिसतील. त्यावर तेल नको. धुवा, कोरडं करा, बुरशीचं मलम डॉक्टरांना विचारून द्या, आणि रात्री पाय उघडे ठेवायला सांगा.

---

रानमोगरा

बायकांच्या जोडव्यांकडेही बघा. पायाला सूज आली की जोडवं बोटात रुतून बसतं, खाली जखम होते आणि बधिर बोटाला पत्ताच नसतो. पण 'काढा' असं फर्मान सोडू नका. विचारा, साबण लावून सैल करा, धुऊन त्यांच्याच हातात द्या. नवऱ्याच्या आयुष्याशी जोडलेली वस्तू आहे ती. काढायला मन होत नसेल तर सैल मापाचं घालायला सुचवा.

---

नगरी_ज्वारी

नखांचं काय? म्हाताऱ्यांची नखं म्हणजे शिंगं झालेली असतात, हात पोचत नाही, डोळ्यांना दिसत नाही. सगळ्यांत जास्त मागणी याचीच येईल.

---

परिचारिका_मिरज

खरं आहे. संवेदना शाबूत असेल आणि मधुमेह नसेल तर पाय धुतल्यावर, नख मऊ असताना, सरळ रेषेत कापा, कोपरे गोल करून आत शिरू नका. जाड नख एकदम तोडायचं नाही, थोडं थोडं कापायचं, मग कानस. नेलकटर दर माणसानंतर घासून जंतुनाशकात.

बधिर पाय, मधुमेह, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर स्वयंसेवकाने नख कापायचं नाही. फक्त कानस, किंवा प्रशिक्षित नर्स. महिन्यातून एक नर्स दोन तास मिळाली तरी हा प्रश्न सुटतो. बहुतेक धर्मग्रामांत निवृत्त नर्स असतेच, तिला कुणी विचारलेलं नसतं.

---

चांभारवाडा

सगळे पायावर बोलताय, चपलेवर कुणी बोलत नाही. पाय धुऊन, तेल लावून पुन्हा त्याच खिळा आलेल्या चपलेत घातला तर काय मिळवलं?

बधिर पायाला आत मऊ, खाली टणक असा तळ लागतो. आतला थर मायक्रोसेल्युलर रबराचा, एमसीआर म्हणतात तो, साधारण १० मिमी. दाबला की बसतो, सोडला की वर येतो. स्पंज किंवा फोम चालत नाही, तो महिन्यात चेपून कागद होतो. बाहेरचा तळ कडक रबराचा, काटा आरपार येणार नाही असा. खिळे अजिबात नाहीत, चिकटवायचं आणि शिवायचं. मागे टाचेला पट्टा हवाच, कारण पाय बधिर असला की चप्पल कधी निसटली ते कळत नाही. अंगठ्याची रिंग नको, ती बेचकीत घासते. कोल्हापुरी दिसायला देखणी, पण बधिर पायाला तिचा तळ फार कडक.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय फुगतो. कागदावर उभं करून दोन्ही पायांची रेघ काढा, दोन्ही पाय एकाच मापाचे असतातच असं नाही. नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तास, मग पाय तपासायचा, लाल डाग नसेल तर दुसऱ्या दिवशी तासभर. घालण्याआधी रोज झटकायची आणि आत हात फिरवायचा.

कुष्ठरोगाच्या सरकारी कार्यक्रमातून एमसीआर चपला मोफत मिळतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवावं लागतं. ती नोंद करून देणं हीसुद्धा सेवाच आहे.

---

तांब्यापितळ

@चांभारवाडा, हा प्रतिसाद वेगळा काढून ठेवावा असा आहे. अशा कारागिराला दर महिन्याला बोलवा, आणि त्याला मजुरी द्या. त्याच्याकडून फुकट करून घेऊ नका. आपली सेवा दुसऱ्याच्या पोटावर नको.

---

वारकरी_वाट

ज्याला जखम झालीच आहे त्याने काय करायचं? मलम बदलत बसतात लोक.

---

कोठारा_रोड

तळव्याची जखम मलमाने भरत नाही, भार काढल्याने भरते. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि प्रत्येक पाऊल जखम पुन्हा उघडतं. स्वच्छ करायची, झाकायची, आणि त्या पायावर उभं राहायचं नाही. दवाखान्यात ठरवतील त्याप्रमाणे प्लास्टर किंवा खास बूट. पायाला लगटून बसणारं असं प्लास्टर ब्रँड यांनी भारतात कुष्ठरुग्णांसाठी वापरलं आणि १९६६ मध्ये अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेल्यावर मधुमेह्यांसाठीही रूढ केलं. म्हणजे आपल्याकडच्या सर्वांत दुर्लक्षित माणसांच्या पायांवर शिकलेलं आज जगभरच्या मधुमेह्यांचे पाय वाचवतंय.

पण मजुरी बुडवून सहा आठवडे घरी बसायला कोण तयार होईल? इथे मंडळीचं खरं काम आहे. तेवढ्या दिवसांचा शिधा पोचवा, पाणी भरून द्या, गुराढोरांचं बघा. ज्वारी, डाळ, तेल वेळेवर आलं तर जखम भरते. नाही आलं तर तो तिसऱ्या दिवशी कामावर जातो आणि आपण पुढच्या महिन्यात त्याच जखमेवर पट्टी बांधत असतो.

---

पाळक_कन्या

शिधा पोचवण्याबद्दल एक जुनी पद्धत घेण्यासारखी आहे. १८३३ मध्ये पॅरिसला सुरू झालेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या गरिबांना मदत करणाऱ्या कॅथोलिक संस्थेचे सभासद घरभेटीला कधी एकटे जात नाहीत, दोघे जातात. बैठकीच्या शेवटी झोळी फिरते, त्यात कुणी किती टाकलं ते दिसत नाही. आणि कुणाला काय दिलं हे मंडळाबाहेर बोलायचं नाही. वसईत, मुंबईत अनेक चर्चमध्ये त्यांचे गट आहेत. नवा निधी उभारण्याआधी त्यांना विचारा.

फोटोंचंही आताच ठरवा. धुतले जाणारे पाय आणि वर स्वयंसेवकाचा हसरा चेहरा असले फोटो गटावर टाकायचे नाहीत. मत्तयच्या ६ व्या अध्यायात डाव्या हाताला कळू देऊ नका म्हटलंय.

---

सुवार्तिक

फोटोंवर पूर्ण सहमत.

---

साधा_प्रश्न

खाली बसून तीन तास काम करायचं तर स्वयंसेवकांचे गुडघे आणि कंबर जाईल.

---

परिचारिका_मिरज

गुडघ्यांखाली दुमडलेलं गोणपाट, किंवा वीतभर उंचीचा पाट. समोरच्याची खुर्ची पाठ आणि हात असलेली, नेहमीच्या उंचीची. त्याची टाच आपल्या मांडीवरच्या पंचावर ठेवा, वाकावं लागत नाही. एका स्वयंसेवकाला सलग तीन माणसं, मग तो टब धुण्याच्या कामावर आणि टब धुणारा पाय धुण्यावर.

ज्यांना खाली बसणं जमत नाही त्यांच्याकडे वही, पाणी, चहा.

---

तांब्यापितळ

कामाच्या फेऱ्यांवरून : संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातल्या मठ-नियमात, ३५ व्या प्रकरणात, स्वयंपाकघराची आठवड्याची पाळी आहे. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने सगळी सफाई करायची, हातपाय पुसायचे टॉवेल धुवायचे, मग संपवणारा आणि सुरू करणारा दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवायचे, आणि भांडी स्वच्छ, धड अवस्थेत कोठीवाल्याच्या ताब्यात द्यायची. पाय धुणं आणि टॉवेल धुणं एकाच परिच्छेदात आहे.

आपल्याकडे पाय धुवायला वीस हात पुढे येतील आणि चाळीस पंचे उकळायला दोनच बायका मागे राहतील. पाळी लावा, आणि पहिली पाळी मंडळाच्या पुरुषांची असू द्या.

---

नगरी_ज्वारी

+१. पंचे साबणाच्या पाण्यात उकळायचे, कडक उन्हात वाळवायचे, पावसाळ्यात इस्त्री फिरवायची. रक्त लागलेले आधी वेगळे, ब्लीचच्या पाण्यात.

---

जिज्ञासू_वसई

मूळ प्रश्नाकडे येऊ. गुरुवारी खुर्च्यांवर कोण? मला वाटतं, पाऊल सेवेला येणाऱ्यांनाच बसवावं.

---

कोठारा_रोड

हेतू चांगला, पण सावध. ज्याचा पाय वाकडा आहे, बोटं नाहीत, त्याला सगळ्या चर्चसमोर चप्पल काढायला लावणं त्याला आवडेलच असं नाही. आधी एकट्याला विचारा, 'नाही' म्हणायला मोकळीक द्या, आणि 'नाही' म्हणाला तर पुन्हा विचारू नका. जखमेवर पट्टी असेल तर तो पाय धुवायचा नाही, दुसरा धुवा.

आणि सगळ्या खुर्च्यांवर रुग्णच बसवले तर तीही एक विभागणी झाली, धुणारे निरोगी आणि बसणारे आजारी. मिसळून बसवा.

---

पाळक_कन्या

आणि ज्यांनी वर्षभर पाय धुवायचे आहेत त्यांच्यातले दोघे-तिघेही बसवा. धुऊन घेताना आपल्या पायांची लाज वाटते, हे त्यांना कळलं तर पुढच्या रविवारी समोरच्याचा पाय ते वेगळ्या तऱ्हेने हातात घेतील.

---

गिरिजकर (धागाकर्ता)

सर्वांचा ऋणी आहे. मंडळापुढे असं मांडतो : सुरुवात वीसऐवजी दहा माणसांपासून, टब मात्र सहाच. भिजवणं फक्त ताईंनी सांगितलेल्यांसाठी. बोटाची तपासणी पहिल्या भेटीत सर्वांची, नोंद वहीत, वही कुलपात. जखमवाल्यांच्या शिध्यासाठी व्हिन्सेंट डी पॉल गटाशी बोलणं. पंच्यांची पहिली पाळी मी आणि खजिनदार घेतो.

एकच राहिलं. @चांभारवाडा, घरी बसून असलेल्यांचं माप आम्ही कागदावर काढून आणलं तर चालेल का, की तुम्हाला पाय समोर लागतो?

---

चांभारवाडा

साध्या पायाला कागद चालेल. पेन्सिल उभी धरा, तिरपी धरली तर रेघ पायाखाली जाते आणि चप्पल लहान होते. पायाच्या चवड्याचा आणि वरच्या उंचवट्याचा घेर दोऱ्याने मोजा, दोरा तिथेच कापून कागदाला चिकटवा, कोणता कुठला ते लिहा. घट्टा जिथे असेल तिथे फुली करा, आतल्या रबरात त्या जागी खळगा ठेवता येतो. पाय वाकडा असेल किंवा बोटं नसतील तर मात्र मला घरी न्या.